दोन जावा आणि एक कबर

राखेच्या बुधवारी मरोळ गावठाणातल्या चर्चमध्ये रांग लागते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघर नेलेल्या झावळ्या लोक परत आणून देतात, त्या जाळून राख करतात आणि फादर ती राख प्रत्येकाच्या कपाळाला लावत सांगतो, की तू माती आहेस आणि मातीलाच जाऊन मिळणार आहेस. लोक मान खाली घालून ऐकून घेतात आणि कामाला जातात. ब्रिजिदाबाई कोरियानं त्या वर्षी राख लावून घेतली, पण पुढे सरकायचं नाव घेईना. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर लुगडं, नाकावर माशी बसू देणार नाही असा चेहरा. नव्यानंच आलेल्या तरुण फादरला तिनं रांग अडवून विचारलं, "मातीत तरी ठेवता का, फादर? दोन वर्षांत उकरून बाहेर काढता."

मागं कुणी हसलं नाही. ब्रिजिदाबाईच्या बोलण्यावर जो हसतो त्याचा नंबर पुढे लागतो, हे गावठाणाला अनुभवानं ठाऊक होतं.

तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. या शहरात जित्या माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथं मेलेल्याला कोण देतो? चर्चमागच्या सिमेट्रीत, पाण्याच्या टाकीजवळ, कबर सगळ्यांना मिळते, पण ती नंबराची, भाड्याच्या खोलीसारखी. दोन वर्षं झाली, मातीनं आपलं काम केलं, की कबर उघडतात, हाडं काढून कोपऱ्यातल्या झाकणाच्या विहिरीत टाकतात आणि जागा पुढच्याला देतात. विहिरीत कोण कुणाचं, काही उरत नाही. सुटका फक्त जुन्या घरांची. त्यांच्या आज्यापणज्यांनी, जमीन ओसाड पडली होती त्या काळात, घराच्या नावानं कायमच्या कबरी करून ठेवल्या. तशी नवी कबर आता कुणाला मिळत नाही, मग तो कितीही उंच टॉवरमध्ये राहो.

कोरियांची अशी एक होती. सासरा, सासू, धाकटा दीर पास्कू आणि शेवटी ब्रिजिदाबाईचा नवरा इनास, चौघंही त्या एकाच कबरीत, एकमेकांच्या हाडांवर. घरच्या कबरीलाही एक नियम मात्र चुकत नाही. एक पेटी आत गेली की दोन वर्षं ती उघडायची नाही. आणि कोरियांच्या घरात आता म्हाताऱ्या दोन उरल्या होत्या. थोरली ब्रिजिदाबाई आणि धाकटी जाऊ फिलू, दोघी विधवा. जी आधी जाईल ती घरच्या कबरीत जाणार. दुसरी तिच्या मागोमाग गेली, तर तिची रवानगी भाड्याच्या कबरीत आणि तिथून, हाडं घरच्या कबरीत आणून ठेवणारं कुणी नसेल तर, विहिरीत.

ब्रिजिदाबाईला जगात आता दुसरं काही नको होतं. इनासपाशी पडायचं, तेवढं एकच हवं होतं. आणि ते फिलूमुळं हुकेल या धास्तीनं तिचं निम्मं डोकं व्यापलेलं असायचं. उरलेलं निम्मं फिलूच्या रागानं.

ब्रिजिदाबाई मूळची गोराईची. लग्न होऊन मरोळात आली तेव्हा गावठाणाच्या मागं शेतं होती, आता तिथं कारखाने आणि कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. इनास एका कारखान्यात फिटर होता. सगळ्या गावठाणात तो एकच असा माणूस, की ज्याच्याशी ती कधी भांडली नाही. भांडायला दोघं लागतात, आणि हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की इनास सायकल पुसायला बसायचा. पुसून पुसून त्या सायकलचा रंग गेला. तो गेला तेव्हा ती रडली त्याहून जास्त गप्प राहिली, आणि गावठाणाला तेच जास्त भयंकर वाटलं.

हाताला मात्र चव होती. मे महिना आला की बाटलीच्या मसाल्यासाठी, वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरतात त्यासाठी, तिलाच बोलावणं यायचं. मिरच्या भाजायला तिनं तवा चढवला की अख्खी गल्ली ठसकायची, आणि कुणी खिडकी लावून घेतली तर तीही तिला टोचायची. वर्षभर आमच्या जिवावर इंदयालचं कालवण खाता, मग चार खोकले खोकायला काय झालं, असं तिचं म्हणणं.

दोन जावांचं वैर कशावरून, हे विचाराल तर गावठाणातला प्रत्येक जण वेगळं कारण सांगेल. भिंत, नळ, कोंबड्या. फिलूनं कोंबड्या पाळल्या म्हणून हिनं मांजर आणलं, हे खरंच आहे. पण मूळ दुखणं त्याआधीचं. ब्रिजिदाबाईला मूल झालं नाही. फिलूला पहिली मुलगी झाली, लिनेट, तेव्हा बाप्तिस्म्याला गॉडमदर ब्रिजिदाबाईच असं ठरलेलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं झबलं शिवलं, त्याला लेस लावली, आणि आठवडाभर कुणाला टाकून बोलली नाही. बाप्तिस्म्याच्या सकाळी ती नटूनथटून दारात उभी राहिली, तर बाळ फिलूच्या बहिणीच्या हातात. फिलूच्या आईनं म्हणे रात्रीत फिरवलं होतं, की पहिली पोर आहे, जिला स्वतःला झालं नाही तिच्या हातात कशाला द्यायची. फिलूनं तोंड उघडून एवढंच म्हटलं, की वहिनी, राग मानू नका.

ब्रिजिदाबाईनं राग मानला. चांगला पस्तीस वर्षं मानला. घरात भिंत घातली ती तिनंच. मे महिन्यात वेशीवरच्या कुरसापुढं, त्या दगडी क्रुसापुढं, सगळं गाव जमून देवाच्या आईची लादाईन, तिची आळवणी, गाऊ लागलं की या दोघी दोन टोकांना उभ्या राहायच्या आणि एकीनं सूर चढवला की दुसरी त्याच्यावर जायची. देवाची आई वर बसून कान झाकत असेल.

आणि या सगळ्या वर्षांत जो येई तो तिला एकच गोष्ट ऐकवी. आयुष्य केवढंसं, बाई. चार फादर आले आणि गेले, चौघांनी तेच सांगितलं. माणसाचे दिवस म्हणजे गवत, सकाळी हिरवं आणि संध्याकाळी वाळलेलं. माणूस म्हणजे भांड्यावरची वाफ. सत्तर वर्षं, अंगात ताकद असली तर ऐंशी, आणि त्यातही कष्ट नि दुःखच. शास्त्रातली ही सगळी वचनं ब्रिजिदाबाईला तोंडपाठ होती, कारण गावठाणातलं एकही दफन तिनं चुकवलं नव्हतं. वचनांशी तिचं भांडण नव्हतं. ती सांगणाऱ्यांशी होतं. तिला कळायचं नाही, की आयुष्य थोडं आहे हे तिलाच का सांगतात, भिंतीपलीकडं जाऊन का सांगत नाहीत. एका फादरला तिनं चहा देऊन सुनावलं होतं, "आयुष्य एवढंसं हाय ना? मग ते फिलूशी बोलण्यात कशाला घालवू?" फादरनं अर्धा चहा तसाच ठेवला.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग कोकम. तिच्या मागच्या खोलीत शेवंती भाडेकरू होती, मालवणकडची, एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. पाण्यावरून दोघींची रोज जुंपायची. तीच एक दिवस तिला रिक्षात घालून अंधेरीच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरनं पडद्यावर यकृताजवळचा एक काळा डाग दाखवला, या वयात कापाकापी नको म्हणाला, आणि घरचं कोणी आहे का असं विचारलं. ब्रिजिदाबाईनं त्याला झापलं, की घरचं कोण नाय, काय ते मलाच सांग. तो म्हणाला, सहा महिने, फार तर आठ.

ती घाबरली. परतताना रिक्षाचा दांडा तिनं असा धरला की हात लाल झाला. इतक्या दफनांना उभं राहून इतक्यांदा ऐकलं, पण वाळतं ते दुसऱ्याचं गवत, अशी कुठंतरी तिची समजूत होती. मरोळ नाक्याला मेट्रोच्या खांबाशी रिक्षा अडकली तेव्हा तिला पहिल्यांदा नीट कळलं, की आपण पुढचा पाऊस बघणार नाही. शेवंती शेजारी बसून फोनवर कुणाशी तरी कोळंबीच्या भावाबद्दल बोलत होती. जगाला काही फरक पडणार नव्हता, आणि याचा तिला भयंकर राग आला.

पण घरी येऊन पाणी प्याली आणि दुसरीच गोष्ट तिच्या लक्षात आली. फिलू धडधाकट होती. आठ वर्षांनी लहान, रोज सकाळी पांढरे बूट घालून चालायला जाणारी, एक गोळी चालू नाही. म्हणजे ब्रिजिदाबाई आधी जाणार. कबर तिचीच. तिला हसू आलं. एकटीच भिंतीकडं बघून हसली, आणि त्या आठवड्यात शेवंतीशी पाण्यावरून भांडलीसुद्धा नाही.

मग तिनं घाई केली. कोरियांच्या कबरीवरच्या काळ्या दगडावर इनासच्या खाली जागा होती, तिथं तिनं गवंड्याला बोलावून आपलं नाव कोरून घेतलं, जन्माचं साल घालून. शेवटचं साल तेवढं रिकामं. मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, सगळं गावठाण फुलं-मेणबत्त्या घेऊन सिमेट्रीत जमलं तेव्हा फिलूच्या नजरेला ते नाव पडलं. कित्येक वर्षांनी ती थेट थोरल्या जावेशी बोलली. मेल्याशिवाय नाव कोरतात का कुणी, माझा पण नवरा याच कबरीत आहे, असं म्हणाली.

"मी आधी जातेय," ब्रिजिदाबाई म्हणाली. "जागा धरून ठेवलीय."

आसपासच्यांनी मेणबत्त्या लावायचं सोडून कान टवकारले. फिलूनं हातातली मेणबत्ती दगडावर टेकवली. "जा," ती म्हणाली. "मी थांबते."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून तांदळाची पेज येऊ लागली. लिनेट घेऊन यायची. ती आता दोन पोरांची आई, बँकेत नोकरीला, आईच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी. पहिल्या दिवशी ब्रिजिदाबाईनं वाडगा घेतला, दारातल्या गटारापाशी गेली आणि लिनेटच्या डोळ्यांदेखत पेज ओतून वाडगा परत दिला. लवकर मरावं म्हणून खाऊ घालतायत का लवकर मरू नये म्हणून, हे तिला ठरवता येईना, आणि दोन्हीचा सारखाच राग आला. पेज तरी चार दिवस आली. मग थांबली.

जानेवारी संपत आला होता. डॉक्टरनं दिलेले महिने मोजणं तिनं सोडलं होतं, पोट दुखायचं आणि राहायचं. एके सकाळी फिलू नेहमीसारखी चालायला गेली, परत येताना वेशीवरच्या कुरसाच्या पायरीवर टेकली, आणि पुन्हा उठली नाही. बूट पायातच होते. गोळी नाही, दुखणं नाही, एक हाक नाही.

बातमी शेवंतीनं आणली. ब्रिजिदाबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "खोटं." मग भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला दुःख झालं असं म्हणवत नाही. तिची फसवणूक झाली. थांबते म्हणाली होती ना?

दुपारी लिनेट आली, बरोबर तरुण फादर. इनासच्या मागं कबर ब्रिजिदाबाईच्या नावावर होती, तेव्हा तिच्या होकाराशिवाय उघडता येत नव्हती. लिनेटचे डोळे सुजले होते पण आवाज सरळ होता. मम्मीला डॅडीपाशी ठेवायचं आहे, एवढंच ती म्हणाली. फादरनं आपल्या परीनं समजावून पाहिलं. तो नवा, त्याला काय ठाऊक. माणसाचं आयुष्य गवतासारखं आहे, आजी, असं त्यानं सुरू केलं मात्र, ब्रिजिदाबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"माझं किती उरलंय ते डॉक्टरला विचारा," ती म्हणाली. "आज तिला आत ठेवलं तर दोन वर्षं कबर उघडत नाय. मी काय दोन वर्षं टिकते? मला कुठं टाकाल? टाकीजवळ, नंबर लावून. मग विहिरीत. माझी हाडं काढून आणायला कोण हाय?"

"काकी, ती तुमच्याआधी गेली," लिनेट म्हणाली.

"तिनं पुढं घुसायचं नव्हतं."

हे वाक्य गावठाणानं पुढं कितीतरी दिवस चघळलं. खरं तर तिनं आणखीही बोलून दाखवलं होतं, आणि त्यात तिच्या मते न्याय होता. मी गेल्यावर कबर तुझीच आहे, लिनेट. दोन वर्षांनी तुझ्या आईची हाडं काढतील तेव्हा ती आण आणि ठेव पास्कूपाशी, मी काही उठून भांडायला येणार नाही. लिनेटनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे नाय?" ब्रिजिदाबाई म्हणाली, "नाय." लिनेटनं आवाज चढवला नाही, पाया पडली नाही. फादरला म्हणाली, चला, तयारी करायची आहे.

फिलूला पाण्याच्या टाकीजवळ पुरलं. सगळं गावठाण होतं, मरोळचं अर्धं मार्केट होतं, वाकोल्याहून तिचं माहेर आलं होतं. ब्रिजिदाबाई गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गावातलं दफन चुकवलं. घंटा वाजत होती तोवर ती दार लावून आत बसली आणि स्वतःला सांगत राहिली, की आता फार दिवस नाहीत, सहन होईल.

इथून पुढची गोष्ट वाईट आहे, कारण ब्रिजिदाबाई मेली नाही.

फेब्रुवारी गेला, एप्रिल गेला. पोटातलं दुखणं कमी झालं आणि मग नाहीसंच झालं. मे महिन्यात मसाल्याला तिला कुणी बोलावलं नाही. गल्ली ठसकली, पण दुसऱ्या कुणाच्या तव्यानं. जो पाऊस ती बघणार नव्हती तो आला, कौलातून गळला आणि गेला. तिला भूक लागू लागली. गालांवर मांस चढलं. शेवंतीनं एकदा तिला सरळ तोंडावर सांगितलं, की बाय, तुम्ही तर दिसामाशी जाड होताय. ब्रिजिदाबाई आत जाऊन आरशात बघून आली आणि त्या दिवसापासून बाहेर पडताना डोक्यावरून पदर ओढून, कमरेत वाकून चालू लागली. मरायची लाज वाटत नाही माणसाला, जगायची वाटते, हे तिला या वयात समजलं. गल्लीतून जाताना बायका बोलायच्या थांबत. कुणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं तिच्या तब्येतीकडं बघायचे.

ती पुन्हा अंधेरीला गेली, या खेपेला एकटी. डॉक्टरनं पडद्यावर तोच काळा डाग दाखवला. तो वाढला नव्हता. कदाचित पंधरा-वीस वर्षांपासून असेल, कुणी बघितला नसेल, असं तो म्हणाला, आणि आजी, खूश व्हा, आणखी दहा वर्षं कुठं गेली नाहीत, असं हसून म्हणाला. ब्रिजिदाबाईनं त्याच्या टेबलावर हात आपटला. "तू सहा महिने बोलला होतास," ती ओरडली. बाहेर बसलेले पेशंट घाबरून उभे राहिले.

रात्री निजताना ती इनासच्या फोटोला सांगायची, की आता ने. मग देवाला सांगायची. वाफ म्हणतोस ना माणसाला, मग ही वाफ का जात नाही? गवत म्हणतोस, मग हे कसलं गवत, की कुणी कापीना? सगळ्यांना थोडं आयुष्य दिलंस आणि मला एकटीला एवढं मोठं दिलंस, ते काय फिलूला दाखवायला? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिला ते मरणही येईना, तेव्हा ती देवाशी भांडू लागली. राखेचा बुधवार आला तेव्हा ती चर्चमध्ये गेलीच नाही. तरुण फादर संध्याकाळी वाटीत राख घेऊन तिच्या दारी आला, बिचारा चांगल्या मनानं. तिनं कपाळ पुढं केलं नाही. म्हणाली, "ठाऊक हाय मला मी माती हाय. लवकर कर म्हणावं देवाला."

असे दोन पावसाळे गेले. मग एक दिवस चर्चच्या फळ्यावर या महिन्यात कुठल्या कबरी उघडायच्या त्यांचे नंबर लागले. त्यात टाकीजवळची ती एक होती. ब्रिजिदाबाईनं आपण होऊन ऑफिसात जाऊन सांगितलं, की माझी जाऊ फिलू, तिची हाडं आमच्या घरच्या कबरीत ठेवायला माझी हरकत नाही. हाडांना दोन वर्षांचा नियम नसतो. दगड सरकवायचा, कपड्यात गुंडाळलेली आत ठेवायची, झालं. बाहेर आली तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. मी म्हणाले होते तसंच केलं, असं ती शेवंतीला दोनदा म्हणाली. शेवंतीला पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं.

सकाळी ती लवकर सिमेट्रीत गेली. लिनेट आधीच आलेली होती, ऑफिसला जायच्या कपड्यांत, हातात पांढरं कापड. खणणाऱ्यानं माती बाजूला केली, हाडं काढली, बादलीतल्या पाण्यानं धुतली. डोक्यावरून विमानं खाली उतरत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी तो माणूस बोलायचा थांबायचा. कापडाची गाठ बांधून झाल्यावर तो सांगितल्याप्रमाणं कोरियांच्या दगडाकडं निघाला.

"तिकडं नाय," लिनेट म्हणाली. "विहिरीत."

ब्रिजिदाबाई पुढं झाली. "मी ऑफिसात सांगितलंय. ठेव तिला घरच्या कबरीत. तुझा डॅडी हाय तिथं."

"दोन वर्षांपूर्वी पण होता."

ब्रिजिदाबाईला वाटलं होतं, पोर रडेल, कदाचित हात धरेल. माणसानं आपणहून एक पाऊल टाकलं की समोरच्यानं दोन टाकावीत, अशी तिची अपेक्षा होती. स्वतः तिनं ती कधी टाकली नव्हती, ही गोष्ट वेगळी. खणणाऱ्यानं लिनेटकडं पाहिलं, मग म्हातारीकडं, आणि विहिरीचं झाकण सरकवलं. लिनेटनं गाठोडं स्वतःच्या हातानं सोडलं. खाली पडल्याचा आवाज झाला. तिनं कपाळा-छातीवर क्रूस केला आणि हात पुसू लागली.

ब्रिजिदाबाईच्या मागं कबर लिनेटच्या नावावर जाणार होती. म्हणजे तिला आत ठेवायचं की नाही, हे ऑफिसवाले याच पोरीला विचारणार. इतके दिवस हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नुकतीच रिकामी झालेली ती टाकीजवळची कबर समोर होती, आणि ती कुणाला मिळेल हे अजून ठरायचं होतं.

"माझ्या वेळी तुला विचारतील," ती म्हणाली. "काय सांगशील?"

"हो सांगेन."

"खरं?"

"हो. नाय म्हणायचं आणि वर्षानुवर्षं ते सांभाळत बसायचं, एवढं आयुष्य नाय माझ्याकडं, काकी. मला पोरं हायत, नोकरी हाय. तुमची जागा तुम्हाला मिळेल." तिनं पर्स खांद्याला अडकवली. "पण मी येणार नाय. माझी पोरं येणार नाय. मूठमाती द्यायला दुसरं कुणी बघा."

ती गेली. फाटकापाशी तिनं रिक्षा थांबवली, वळून पाहिलं नाही.

ब्रिजिदाबाईला हवं ते मिळालं होतं. इनासपाशी पडायचं पक्कं झालं होतं, आता त्यात कुणी आडवं येणार नव्हतं. ती सावकाश घरी निघाली, आणि चालता चालता माणसं आठवू लागली. पेटी खाली गेल्यावर जो तो पुढं होऊन मूठभर माती टाकतो, तेवढ्यासाठी कोण येईल? गोराईचे भाऊ गेले, भाचरांशी जमिनीवरून बोलणं बंद झालं त्याला युग लोटलं. समोरची, मागची, मसाला कुटणाऱ्या, लादाईनीतल्या. एकेक नाव आठवायचं आणि नावाच्या आधी भांडण आठवायचं. गल्लीच्या तोंडापर्यंत तिची सगळी माणसं संपली.

शेवंतीची त्या दिवशी दुपारची पाळी होती. दारात बसून ती बांगडे साफ करत होती, पाणी ब्रिजिदाबाईच्या पायरीवरून वाहत होतं. एरवी एवढ्यावर सकाळ गाजली असती. ब्रिजिदाबाई त्या पाण्यातच उभी राहिली. मग तिनं विचारलं, आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं त्या बाईनं विचारलं, "शेवंती, मी मेल्यावर मूठमाती द्यायला येशील?"

शेवंतीनं वर पाहिलं. थट्टा आहे का बघितलं. नव्हती. तिनं बांगड्याचं डोकं उडवून बाजूला टाकलं.

"येतलंय हो," ती म्हणाली. "पन रविवारी मरा. आडदिवसाक रजा गावना नाय."

ब्रिजिदाबाईनं भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुडघ्यावर हात ठेवून ती तिथंच ओल्या पायरीवर बसली.

"बघते," ती म्हणाली.